अंबाळ्याहून कैलासाकडे

आषाढ लागला की रामदासपेठेतल्या जुन्या बंगल्यांचे कडुलिंब कुंपणाबाहेर झुकतात, लेंड्रा पार्काकडून येणारा वारा ओल्या मातीनं जड होतो आणि खिडकीशी बसलेल्या आत्याच्या डोळ्यांत बर्फाचा एक डोंगर उभा राहतो. कैलास. तरुणपणापासूनची ओढ, पण आधी संसार, मग सासूचं अंथरूण, मग आतोबांचं, आणि हात मोकळे झाले तेव्हा सरकारी कैलास-मानसरोवर यात्रेची ७० वर्षांची मर्यादा तिनं कधीच ओलांडली होती.

"मग रामटेकला तरी नेता का?" तिनं विचारलं.

कामठी, कन्हान, मनसर. दोन्ही बाजूंना धानाची रोवणी चाललेली. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायांच्या रांगा, आणि बांध्यांतल्या पाण्यात सरकणारं आभाळ. काकाजी, आत्याचा धाकटा भाऊ, तोही आता सत्तरीपार, मांडीवर छत्री आडवी धरून गप्प बसला होता.

अंबाळा तलाव टेकड्यांच्या कुशीत आहे. काठानं देवळं, घाट, पाण्यात उतरलेली त्यांची हिरवट, थरथरती रूपं. इकडची घरं आपल्या माणसांच्या अस्थी इथंच आणतात. आतोबांनाही आम्ही इथंच निरोप दिला होता. आत्या शेवटच्या पायरीवर बसली, लुगडं सावरून तिनं पाय पाण्यात सोडले, आणि किती तरी वेळ ती पाण्याकडे अशी बघत राहिली की मला वाटलं, आपल्याला न ऐकू येणारं दोघांचं जुनं बोलणं पुन्हा सुरू झालं असावं, बाजाराचं, दुधाच्या हिशेबाचं, पोरांच्या शाळेचं.

पाणी कोमट होतं.

कालिदासाच्या यक्षाचा रामगिरी तो हाच, असं नागपूरच्या वा. वि. मिराशींनी साधार मांडलं. सीतेच्या स्नानानं इथलं पाणी पवित्र झाल्याचं 'मेघदूता'च्या पहिल्याच श्लोकात आहे. मला मात्र त्या दिवशी ते आत्याच्या भेगाळल्या टाचांनी पवित्र झालेलं दिसलं.

गाडी थेट गडावर जाते. आत्याला पायऱ्यांनीच जायचं होतं.

एरवी मी हा गड धावत चढले आहे, म्हणजे तो मी पाहिलाच नव्हता. आता दर थोड्या पायऱ्यांनी थांबणं. दगडाच्या सांधीतलं शेवाळ, पिल्लू पोटाशी धरून बसलेलं वानर, ढग सरकताच खालच्या तळ्याचा पालटणारा रंग. आत्याचा श्वास भरून येई आणि काकाजी मागून म्हणे, "हळू चाल ना बाई. देव काही पळून नाही जाऊन राह्यला." तिच्या श्वासाच्या लयीत डोंगर उंच होत गेला.

वर वराहाची भव्य मूर्ती, मग एकामागून एक दरवाजे. पाचव्या शतकात वाकाटकांची प्रभावतीगुप्ता, वैधव्यात लेकरांचं राज्य सांभाळलेली राणी, हिनं रामगिरीच्या स्वामीच्या चरणांपाशी दान दिल्याचा ताम्रपट आहे. या उंबऱ्यांशी थकल्या बाया किती जुन्या काळापासून टेकत आल्या आहेत! रामाच्या आधी इथं लक्ष्मणाचं दर्शन घेतात. आत्यानं हात जोडले आणि मागं वळून काकाजीच्या ओल्या खांद्यावरचा पाण्याचा थेंब पदरानं टिपला. सगळी वाट त्यानं छत्री तिच्याच डोक्यावर धरली होती.

तटाशी बसलो. खाली धानाची शेतं, दूर खिंडसीचं रुपेरी पाणी, आणि डोक्यावरून उत्तरेकडे निघालेले काळे ढग. यक्षानं आपल्या ढगाला इथूनच वाट सांगितली होती: नर्मदा, विदिशा, उज्जयिनी, आणि पार शेवटी कैलासाच्या मांडीवरची अलका. मी ते बोलून दाखवलं. आत्या ऐकत होती. मग उत्तरेकडे बघत, वर्षानुवर्षं यात्रावर्णनं वाचून पाठ झालेली आपली वाट ती सांगू लागली. धारचुला. बुधी. गुंजी. कालापानी. नाभीढांग. प्रत्येक नावाशी ती जरा विसावा घेई, जसा मघाशी पायऱ्यांवर घेतला होता. लिपुलेख. तकलाकोट.

तिथं तिचा आवाज भरून आला.

"आता मानसरोवर," काकाजी म्हणाला आणि छत्री मिटून तिच्या शेजारी नीट मांडी घालून बसला. "इथं जरा जास्त थांबू, बाई. पुढं डोल्मा-लाचा चढ आहे."