गव्हाणीतील जनावरे

नाताळच्या सुट्टीपूर्वी बालवाडीच्या मुलांकडून ख्रिस्तजन्माचा देखावा करून घ्यावा, असा आमच्या उत्तनच्या वाड्यातील जुना शिरस्ता असल्यामुळे, आणि योसेफ, मारिया व देवदूत यांची वस्त्रे घरोघरच्या ट्रंकांतून विनासायास निघत असल्यामुळे, माझ्याकडे दरवर्षी जे खाते सोपविले जाई ते जनावरांचे. मेंढरे, बैल आणि गाढव. जवळच डोंगरीला बेथलेहेम मातेचे पोर्तुगीज अमदानीतील ख्रिस्तमंदिर असल्याने या प्रसंगाचा अभिमान गावात थोडा अधिकच, आणि त्या अभिमानाचा भार वाहावयाचा तो चार-पाच वर्षांच्या पोरांनी.

शुभवर्तमानात गव्हाणीचा उल्लेख आहे, परंतु तिच्यापाशी बैल किंवा गाढव उभे असल्याचे कोठेही लिहिलेले नाही. ती जोडी परंपरेने यशया संदेष्ट्याच्या वचनातून उचलली, आणि १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने खरे गवत पसरून, खरा बैल व खरे गाढव आणवून जो नाताळ साजरा केला, त्यानंतर गव्हाणीपाशी जिवंत जनावरे उभी करण्याची हौस ख्रिस्ती जगात दूरवर पसरली. संतांची सोय अशी, की त्यांच्या बैलाला शिंगे उपजतच होती.

आरंभी काही वर्षे शहरातून भाड्याचे पोशाख येत. ते कृत्रिम लोकरीचे, आतून मेणकापडासारखे, आणि त्यांचे मुंडके मुलाच्या संपूर्ण डोक्यावर बसणारे. त्यात कोंबलेला एक गाढव रंगमंचाच्या मध्यभागी थांबून, "बाई, मला काय दिसत नाय," असे स्वच्छ आवाजात म्हणाला, आणि त्याच क्षणी समोर बसलेले त्याचे धाकटे भावंड त्या मुंडक्याला भिऊन रडू लागले. जव्हार-मोखाड्याकडील बोहाड्यात कागदाच्या लगद्याचे वा लाकडाचे भव्य मुखवटे मिरवणारी मंडळी मी पाहिली आहेत. परंतु तेथे मुखवट्याखाली कसलेली मान असते, आणि आपण कोणाचे सोंग घेतले आहे याची जाण असते. चार वर्षांच्या मुलाचा चेहरा झाकला, की आतल्याला जग दिसेनासे होते व बाहेरच्यांना मूल. तेव्हापासून माझ्या खात्यात मुखवट्यास कायमची मनाई झाली. जनावर कानांत आणि शेपटीत असते. बाकीचे मूल स्वतः पुरविते.

मेंढरांसाठी प्रथम सुचतो तो कापूस, आणि तोच मला सर्वांत नापसंत. मैद्याच्या खळीने चिकटविलेला कापूस पहिल्या तालमीतच गळू लागतो, नाकातोंडात जातो, आणि मेणबत्तीच्या नुसत्या सान्निध्याने पेट घेऊ शकतो. यावरचा तोडगा गावातच होता. ज्या किनाऱ्यावर डिसेंबरात बोंबलांच्या माळा वाळत असतात तेथे फाटक्या जाळ्यांना तोटा नाही. मोठ्या आसाचा एक तुकडा घेऊन, जुन्या गंज्यांच्या वीतभर चिंध्या कापून, त्या एकेका आसात गाठवीत गेले, की दाट, कुरळी आणि तरीही आरपार वारा खेळता ठेवणारी लोकर तयार होते. हे काम माझ्या हातून मंदगतीने होई. पण ज्यांचे आयुष्य जाळी सांधण्यात गेले त्या आज्या गप्पा मारता मारता, हाताकडे न पाहता, एक मेंढरू उठेपर्यंत पुरे करीत. नायलॉनचे जाळेही ज्योतीपासून निर्धोक नव्हे, म्हणून मेणबत्त्या बरखास्त करून विजेरीचे दिवे लावण्याचा हुकूम मी काढला, तो कुरकुरत का होईना अमलात आला. जाळी गोड्या पाण्यात कितीही खळबळून, उन्हात कितीही तापवून घेतली तरी तिचा मूळ दर्प संपूर्णपणे जात नसे, आणि त्यामुळे आमच्या मेंढरांच्या मिरवणुकीमागे वाड्यातील मांजरे मोठ्या निष्ठेने चालत. प्रेक्षकांना तीही देखाव्याचाच भाग वाटली.

कान कानटोपीलाच शिवावेत. हनुवटीखालचे इलॅस्टिक कोणतेही मूल फार वेळ सोसत नाही. गाढवाचे कान लांब, म्हणून ते लवंडतात. त्यांत बांबूची कामटी घालण्याची सूचना अनेकजण करतात, परंतु शेजारच्या मेंढराचा डोळा नेमका त्याच उंचीवर असल्याने मी शिंप्याकडील बकरमाचे दोन पदर पसंत करते. शेपूट सुतळीच्या वेणीची, गुडघ्याच्या मागपर्यंतच, आणि मुद्दाम कच्च्या दोऱ्याने टाचलेली, कारण ती ओढली जाणारच, आणि ओढली गेली असता विजारीने नव्हे तर शेपटीने सुटावे हे सर्वांच्या हिताचे. पोशाख दोन तुकड्यांचा व टिचबटणांचा असावा. मागे नाडीची निरगाठ असलेला बैल लघुशंकेची फिर्याद घेऊन आला, की बाईंची बोटे आणि बैलाचा धीर यांत विलक्षण शर्यत लागते.

एका वर्षी भाटेबंदराकडील एका मुलीने मेंढरू होण्यास साफ नकार देऊन पापलेट होण्याचा अर्ज केला. गव्हाणीपाशी मासा कसा, असा आक्षेप वडीलधाऱ्यांनी घेतला; परंतु प्रभूचे पहिले शिष्य कोळीच होते, आणि या गावात मेंढरू कोणी पोसलेले नाही, या दोन सबबींवर तिची दरखास्त मंजूर झाली. छातीपाठीला रुपेरी कापडाचे दोन पाट, चेहरा मोकळा, मागे बकरमाची दुभंगलेली शेपटी, असा घाट मी समाधानाने पुरा केला. तालमीच्या दिवशी तिचे वडील बंदरावरून परस्पर आले, पोशाखाभोवती एक फेरी घालून गंभीरपणे म्हणाले, "बाई, हा हलवा झाला. पापलेटच्या शेपटीचा खालचा फाटा लांब असतो," आणि माझ्या हातची कात्री मागून घेऊन तेथेच फरशीवर बसले.