मीठ धुणाऱ्या घरातली लेक

लक्ष्मीबाई टिळकांच्या माहेरी मीठसुद्धा धुऊन घेत. वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातला जिन्नस पाण्यातून काढल्याशिवाय घरात यायचा नाही. धुतलेलं मीठ उरणार किती! त्यांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात हे वाचताना हसू येतं, पण त्या पोरीला मिळालेलं बाळकडू हेच होतं: शुद्ध राहायचं तर माणसांपासून लांब राहायचं.

त्यांचे पती ना. वा. टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० साली, राहुरीला. मधली पाच वर्षं मला त्या दोन्ही विधींहून मोठी वाटतात. आधी ताटातूट, मग पुन्हा संसार मांडल्यावरही त्यांचं सोवळं सुटलं नव्हतं. टिळकांनी सक्ती केली नाही. पुढे एकदा बाईंनीच मनाशी वाद घातला, जात देवानं केली की माणसानं? उत्तर मिळालं आणि त्या कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा. त्याच सुमाराच्या मोठ्या दुष्काळात अनाथ मुलं घरी आली, ती त्यांनी पोटच्या लेकरांसारखी सांभाळली.

पेत्राचंही असंच. प्रभूबरोबर हिंडला, पेन्टेकॉस्टच्या दिवशी उभा राहून बोलला, तरी परराष्ट्रीय कर्नेल्याच्या घरात पाऊल टाकायला त्याला यापोतला दृष्टान्त लागला. आणि नंतर अंत्युखियात तो परराष्ट्रीयांच्या पंगतीतून पुन्हा मागे सरलाच. पौलानं त्याला तोंडावर सुनावलं. शिष्य असा वाढतो, कुणीतरी टोकल्यावर. ज्या प्रभूनं कुष्ठरोग्याला आधी हात लावला आणि मग शुद्ध केलं, त्याच्या पावित्र्यात अंतर राखायला जागाच नाही.

आपल्यात मात्र पिढ्यान्‌पिढ्या बाप्तिस्मा झालेल्या घरांत सोयरीक जुळवताना पूर्वीची जात अजून हळूच विचारली जाते. हे मला फार लागतं. रोजची प्रार्थना, उपास, शास्त्रवाचन सगळं खरं, पण पवित्रतेत आपण वाढलो की नाही हे आपल्या पंगतीत कोण बसतं त्यावरून कळतं.

म्हणून पाळकांना आणि मंडळीच्या वडिलांना विनंती आहे. नवं कुटुंब उपासनेला येऊ लागलं की त्यांना लगेच साक्ष द्यायला उभं करू नका. त्यांना वेळ द्या. साक्षीआधी एखाद्या रविवारी त्यांच्या घरी जा आणि त्यांच्या हातचं जेवा.