मानशीचे दार

गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, असे मी एकदा आजोळी मोठ्याने पाठ करीत होतो. मामा म्हणाले, "त्यातली समुद्राकडून उसनी आणलेली किती, ते नाही वाटते पुस्तकात?"

मामांचे घर दिवाडीवर. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने मांडवी ओलांडायची. बेटाच्या कडेने खाजन शेते; गावकीने पूर्वापार मातीचे बांध घालून भरतीपासून राखलेली. बांधात मानस, म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरतीच्या रेट्याने दारे आपली आपण मिटतात, ओहोटीला उघडतात. आत खारट मातीतही तग धरणारे कोरगुट भात. ती दारे पाहत मी असा रमे की मामी जेवायला हाका मारून थके!

मानशीवरच्या मासळीचा लिलाव होई. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांची देखरेख कुळांच्या संघांकडे आली. एका वर्षी लिलाव घेणाऱ्याने जास्त मासळीच्या लोभाने भरतीतही दारे उघडी ठेवली. मामांचे भात करपले.

"तक्रार नाही केलीत?" मी विचारले.

"कोणत्या तोंडाने? लिलावातला वाटा भातापेक्षा जास्त आला होता. घेतला मी."

पुढे मामेभाऊ बोटीवर नोकरीला लागला, शेत पडीक राहिले.

यंदा चवथ आटोपल्यावर गेलो होतो. तिन्हीसांजेला मामा काठी टेकीत बांधाकडे निघाले. दार नीट मिटते की नाही, हाताने चाचपून पाहिले. परतताना वाटेत सुंगटे घेतली, दर न विचारता.