आगाऊ पैशांवर उभ्या राहिलेल्या जिम

शांघायमध्ये जिम उघडण्याआधी तिची विक्री सुरू होते. मॉलच्या वरच्या मजल्यावर अजून वायरी लोंबत असतात, फरशी बसायची असते, आणि खाली मेट्रोच्या तोंडाशी क्लबचे टी-शर्ट घातलेली पोरं पत्रकं वाटत उभी असतात. ‘पोहणं, व्यायाम, जरा माहिती घेता का?’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य २०१८मध्ये चीनभर इतकं गाजलं, की इंटरनेटवर त्याच्या नकलांचा पाऊस पडला. जाणारा-येणारा थांबला की त्याच्यापुढे क्लबची चित्रं ठेवली जातात आणि दोन-तीन वर्षांच्या कार्डावर घसघशीत सूट सांगितली जाते. त्या पैशांतून फरशी बसते, यंत्रं येतात. पुष्कळदा पुढच्या शाखेचं डिपॉझिटही त्यातूनच भरलं जातं.

ट्रेनर घडवणं हे माझं काम. काही वर्षं मी ते शांघायमध्ये केलं. चीनमधल्या जिमच्या वाढीबद्दल मला कोणी विचारलं, की मी यंत्रांविषयी किंवा शाखांच्या आकड्यांविषयी न बोलता पैसा कधी घेतला जातो आणि ट्रेनरला तो कशाबद्दल मिळतो, याविषयी बोलते. दर्जाचं सगळं गणित तिथे आहे.

व्यायामाची हौस चिनी माणसाला नवी नाही. रेडिओवरच्या तालावर सामूहिक कवायत तिथे १९५१पासून चालू आहे. पुढे सरकारी दूरचित्रवाणीवर मा हुआ या बाईंनी पाच मिनिटांचा व्यायाम घरोघरी नेला. त्यांच्या नावाचे क्लबही निघाले. १९९५मध्ये क्रीडा कायदा आणि राष्ट्रीय व्यायाम योजना आली, २००१मध्ये बीजिंगला ऑलिम्पिक मिळालं, आणि मोठ्या शहरांत साखळी क्लबांचं पेव फुटलं. शांघायची विल्स ही साखळी त्याआधीची, १९९६ची. २०१४मध्ये तर सरकारने क्रीडा उद्योगाची उलाढाल २०२५पर्यंत पाच लाख कोटी युआनवर नेण्याचं उद्दिष्टच जाहीर केलं. बाहेरून पैसा आला, भाडी वाढली, शाखा वाढल्या.

पण या वाढीचा पाया होता न येणारा सभासद. जेवढी कार्डं विकली जातात तेवढे सगळे लोक संध्याकाळी सात वाजता आले, तर ट्रेडमिल सोडाच, कपडे बदलायलाही जागा पुरायची नाही. शिवाय दोन वर्षांचे पैसे एकदम आले तरी भाडं आणि पगार दर महिन्याला द्यायचे असतात. जुन्या सभासदाकडून आता काही येणार नसतं, म्हणून नवा शोधायचा. विक्री मंदावली की आधी पगार थकतात, मग गरम पाणी बंद होतं, आणि एका सकाळी दारावर ‘दुरुस्तीसाठी बंद’ असा कागद दिसतो. अशा वेळी मालकाच्या जागी कागदोपत्री दुसऱ्याच कोणाला उभं करून दुकान बंद करून देणारे लोकही तयार झाले. चिनी वर्तमानपत्रं त्यांना ‘धंदेवाईक दुकानबंदकर्ते’ म्हणतात. कष्टाचे पैसे भरलेल्या माणसाची यात जी फसवणूक होते, तिला धंद्यातला चढउतार म्हणायला मी तयार नाही.

ट्रेनरची स्थिती सभासदाला दिसत नाही. त्याचा मूळ पगार तुटपुंजा असतो. खरी कमाई वैयक्तिक शिकवणीचे तास विकण्यावरच्या कमिशनची. नवा सभासद आला की त्याला एक मोफत सत्र मिळतं. आधी शरीराची घडण मोजणाऱ्या यंत्रावर उभं करून चरबी-स्नायूंचा कागद छापून घेतात. मग भिंतीवरच्या चौकटींपुढे उभं करून खांदे पुढे झुकलेत, कंबर पुढे कललीय, असं एकेक सांगत जातात. शेवटी ‘हे असंच राहिलं तर पाठ जाईल’ असं म्हणून पन्नास तासांचं पॅकेज पुढे सरकवतात. कंबरेचा थोडा कल बहुतेक निरोगी माणसांत असतोच. ट्रेनर डॉक्टर नसतो आणि यंत्रावरचा कागद म्हणजे निदान नव्हे. पण महिनाअखेरीला टार्गेट गाठायचं असलेल्या पोराला ते कोण सांगणार?

प्रमाणपत्रं नाहीत असं मुळीच नाही. सरकारी ‘सामाजिक क्रीडा मार्गदर्शक’ ही पात्रता आहे, शरीरसौष्ठव संघटनेचं प्रमाणपत्र आहे, अमेरिकन संस्थांचे अभ्यासक्रमही लोक चिनीतून करतात. माझ्या वर्गात भिंतभर प्रमाणपत्रं असलेली मुलं यायची. मात्र क्लबमध्ये त्यांची बढती ठरायची विक्रीच्या फळ्यावरून.

कायद्याची नजरही विषम होती. २०१३च्या जोखमीच्या खेळांच्या यादीत पोहणं आहे. त्यामुळे क्लबच्या तलावाला परवाना लागतो, जीवरक्षक लागतात. काचेपलीकडे वजनं उचलणाऱ्यांचं दालन त्या यादीत नाही. पहिल्याच दिवशी सायकलच्या वर्गात तासभर घाम गाळून दोन दिवसांनी रुग्णालयात पोचलेल्या तरुण मुलींच्या बातम्या चीनमध्ये अधूनमधून येत असतात. सवय नसलेले स्नायू एकदम ताणले की त्यांच्या पेशी फुटतात, आतलं द्रव्य रक्तातून मूत्रपिंडात जातं आणि लघवी कोलासारखी काळपट होते. नवख्या माणसाला अर्ध्या तासातच सायकलवरून उतरवणं एवढंही पुष्कळ असतं. मी शिकवताना सगळ्यात जास्त वेळ यावरच घालवला, कारण पेटलेल्या वर्गात संगीताच्या तालावर ‘तुम्ही आता थांबा’ म्हणणं ट्रेनरला फार जड जातं.

बदल आला तो कायद्याआधी दुसऱ्या प्रकारच्या दुकानांतून. शेनझेनच्या सुपरमंकीने २०१४मध्ये डब्यासारख्या छोट्या जिमपासून सुरुवात केली. वार्षिक कार्ड नाही, विक्रेते नाहीत, त्या तासाचे पैसे त्या तासाला. पुढच्या वर्षी हांगझोऊची लेफिट चोवीस तास उघडी आणि महिन्याच्या पैशांवर चालू झाली. सभासद पुन्हा आला तरच पैसे येणार म्हटल्यावर ट्रेनरला चांगलं शिकवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. गर्दीच्या वर्गात एकेकाच्या गुडघ्याकडे लक्ष जात नाही, ही त्यातली उणीव मला अजूनही खटकते. तरी दिशा बरोबर होती.

दर्जाचा विषय निघाला की तिथले योगशिक्षक पुण्याचं नाव घेतात, याचा मला अभिमान वाटायचा. पुण्याचे योगगुरू बी. के. एस. अय्यंगार २०११मध्ये, नव्वदी उलटून गेल्यावर, ग्वांगझोऊला जाऊन शिकवून आले होते. त्यांच्या पद्धतीत प्रमाणपत्रासाठी वर्षानुवर्षं एका शिक्षकाच्या हाताखाली काढावी लागतात आणि परीक्षकांसमोर प्रत्यक्ष शिकवून दाखवावं लागतं. दोनशे तासांत शिक्षक होणाऱ्यांच्या गर्दीत चिनी विद्यार्थी या कडक वाटेला आदराने पाहतात. जिमच्या ट्रेनरसाठी असं काही उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

कायदाही जागा झाला. शांघायने २०२१च्या नमुना करारात सभासदाला सात दिवसांत माघार घेण्याची मुभा दिली, बीजिंगने जून २०२२पासून आगाऊ कार्डांसाठी कायदाच केला, आणि मे २०२५पासून सर्वोच्च न्यायालयाने सात दिवसांत विनाकारण पैसे परत मागण्याचा हक्क देशभर मान्य केला. पळून जाणाऱ्या मालकाला आणि त्याच्या मदतनीसांनाही त्यात पकडलं आहे. हे सगळे नियम सभासद आणि मालक यांच्यातल्या व्यवहाराचे आहेत. ट्रेनरचा पगार विकलेल्या तासांवर मोजायचा की शिकवलेल्या, हा निर्णय अजून प्रत्येक मालकाच्या हातात आहे. म्हणून नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते, यंत्रं कुठल्या कंपनीची आहेत ते नंतर बघा, आधी पगार कशावर मोजतात ते विचारा.