काकांची ढोलकी माझ्या हातून पुसली गेली

परवा आमच्या तालुक्याच्या गावी 'एआय आणि रोजगार' असा परिसंवाद झाला. बातमीसाठी गेलो होतो. सगळ्या वक्त्यांचं सार एकच, मशीन माणसाचं काम खाणार. मी टिपणं घेतली खरी, पण डोक्यात घरातला कॉर्ग एम-वन फिरत होता.

हा जपानी कीबोर्ड १९८८ साली बाजारात आला. सिंथेसायझर आणि आठ ट्रॅकचा सिक्वेन्सर एकाच यंत्रात. म्हणजे एकट्या माणसाने बेस, ढोलकी, व्हायोलिनचे पट्टे एकामागून एक भरून ठेवायचे आणि कार्यक्रमात त्यावर धून वाजवायची. आमच्याकडच्या ऑर्केस्ट्रात एक काका तो वाजवायचे. लग्नं, गणपती, जत्रा. "हा आला आणि पार्टीतली दोन माणसं कमी झाली," हे काका स्वतःच सांगतात. पुढे पेन ड्राइव्ह आला आणि काकाही घरी बसले. गेल्या वर्षी म्हणाले, "धूळ खातोय, घेऊन जा. शिक."

माझा डिप्लोमा पत्रकारितेचा. रात्री पानं गेली की बसायचो. दोन ओळींचा बारीक पडदा, त्यावर पानांमागून पानं. आधी मूळ आवाज निवडायचा, मग फिल्टरने त्याची धार बोथट करायची, मग तो किती झटकन उठेल आणि किती वेळात विरेल ते आकड्यांत भरायचं. महिनाभर माझी सनई सायकलच्या भोंग्यासारखी वाजत होती. बायकोने दार लावून घ्यायला सुरुवात केली.

सिक्वेन्सरने जास्त रडवलं. मी भरलेला ठेका लंगडायचा. क्वांटाइझ केलं, म्हणजे प्रत्येक ठोका मशीनकडून बरोबर मात्रेवर बसवून घेतला, तर ती २६ जानेवारीची कवायत झाली. मग काकांनी भरलेली ढोलकी उघडून एकेक ठोका पाहिला. त्यांनी क्वांटाइझ केलंच नव्हतं. काही ठोके केसभर मागे, प्रत्येकाचा जोर वेगळा. लोक ज्याला 'मशीनचा ठेका' म्हणत नाचले, तो या माणसाने बोटांनी वाजवून भरला होता.

आणि तो मी घालवला. पडद्यावर बॅटरी संपत आल्याची सूचना येत होती. आत नाण्याएवढा सेल असतो, यंत्र बंद असताना आतली मेमरी तोच राखतो. सेल काढण्याआधी सगळा डेटा मिडी केबलने कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा असतो. मी व्हिडिओ अर्धाच पाहिला. सेल बदलला, यंत्र चालू केलं, आणि काकांनी केलेले आवाज, भरलेली गाणी, सगळं गायब. कंपनीचे मूळ आवाज पुन्हा भरता आले. काकांचे कुठून आणणार?

तोंड लपवून फिरत होतो, त्या दिवसांत मुंबईच्या चरणजित सिंग यांच्याबद्दल वाचलं. १९८२ साली त्यांनी रोलँडचा ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ घेऊन दहा रागांची डिस्को रेकॉर्ड काढली. तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली आणि जगभर चर्चा झाली. त्यांची निदान रेकॉर्ड तरी होती. आमच्या काकांचा एक सेल होता. आणि मी? वीस वर्षांत 'सुमधुर गीतांनी रसिक मंत्रमुग्ध' हे वाक्य किती वेळा छापलं, देव जाणे. ठेका कुणी भरला, हे एकदाही विचारलं नाही. त्या कमी झालेल्या दोन वादकांचं पुढे काय झालं, हेही नाही.

शेवटी काकांकडे गेलो, सांगितलं. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "रविवारी ये. आणि आधी ती केबल घेऊन ये."

आता दर रविवारी बसतो. त्यांची बोटं आखडली आहेत, म्हणून बेस मी वाजवतो, ढोलकी ते. तीन गाणी झाली. प्रत्येक गाण्यानंतर काका विचारतात, "उतरवलं का?" पूर्वीच्या ढोलकीवाल्याचा नंबरही त्यांनी दिलाय. तो आता रिक्षा चालवतो, या आठवड्यात भेटायचं ठरलंय.