दोन चिंचोक्यांचा हिशेब

सरकारी नोकराने जुगारापासून दूर राहावे, हा नियम आम्ही उभ्या सेवाकाळात कटाक्षाने पाळला आहे. म्हणून गेल्या कोजागिरीस रायपूरच्या समता कॉलोनीतील आमच्या गच्चीवर जो डाव रंगला, तो चिंचोक्यांवर. बस्तरची चिंच येथे घरोघरी असते; त्यामुळे या नाण्याचा आमच्याकडे कधी तुटवडा पडत नाही.

एरवी आमची मजल रमी आणि तीन पत्ती यांपलीकडे जात नाही. परंतु कॅनडातील एडमंटनहून आमचा भाचा आला होता, आणि त्याने ‘लिमिट होल्डेम’ नावाचा पोकरचा प्रकार शिकविण्याचा घाट घातला. प्रत्येकाच्या हाती दोन पाने झाकलेली. मध्ये सर्वांची सामाईक पाच पाने, आधी तीन, मग एक, मग शेवटचे एक, अशी उघडायची. या सातांतून ज्याची पाच पाने सरस, त्याची मधली थाळी. पैज मात्र ठरीव: पहिल्या दोन फेऱ्यांत एकेक चिंचोका, पुढच्या दोन फेऱ्यांत दोन-दोन. समोरच्याने पैज लावली की तेवढी भरायची, ठरीव मापाने वाढवायची, नाही तर पाने खाली ठेवायची. एकदम मूठभर चिंचोके ओतून कोणाला दडपून टाकण्याची सोय नाही. आम्हांस वाटले, हा तर आम्हां लेखा खात्यातील माणसांसाठीच निघालेला खेळ!

तासाभराने एक मोठा डाव आला. आमच्या हाती राजा आणि राणी. मध्ये राजा, बदाम नश्शी, बदाम सत्ती. मग किलवर चौकी. आणि शेवटी बदाम दुर्री. थाळीत १८ चिंचोके जमले होते. बाकीच्यांनी पाने ठेवली, आणि शेजारच्या निवृत्त बँकवाल्या काकांनी शांतपणे दोन चिंचोके पुढे सरकविले. मध्ये तीन बदाम. काकांचा चेहरा निर्विकार. त्यांच्या हाती दोन बदाम असणारच, असे आम्ही ताडले आणि पाने खाली ठेवली. काकांनी हसत आपली पाने दाखविली: दश्शी आणि अठ्ठी. सहा किंवा गुलाम येण्याची वाट पाहून फसलेला हात! साधी जोडीसुद्धा नव्हती.

“मामा,” भाचा म्हणाला, “तुम्ही हरलात याचे काही नाही. पण हिशेब चुकलात.”

तीस वर्षे हिशेब तपासणाऱ्या माणसास हे ऐकून घेणे जड गेले. त्याने मांडून दाखविले. थाळीत २० आणि भरायचे केवळ दोन. अशा अकरा प्रसंगांपैकी दहांत हरलो तरी २० जातात आणि एकदा जिंकलो तर २० येतात. म्हणजे अकरांत एकदा खरे ठरलो तरी तोटा नाही. “काका अकरांत एकदाही थाप मारणार नाहीत, अशी तुमची खात्री होती का?” तशी खात्री काकूसुद्धा देणार नाहीत.

उलट बाजूनेही तो आमच्यावर घसरला. आधीच्या एका डावात आमच्यापाशी चार बदाम होते, पाचव्याची आशा होती आणि एकच पान उघडायचे राहिले होते. न दिसलेल्या ४६ पानांत बदाम नऊ. म्हणजे पाचांत जेमतेम एकदा यश. थाळीत सहा चिंचोके असता आम्ही दोन भरले होते. तिथे १२ असते तर भरणे शहाणपणाचे; सहांसाठी नव्हे. “का भरलेत?” “आधीचे घातलेले वाया जातील म्हणून,” आम्ही प्रामाणिकपणे म्हणालो. “मामा, थाळीत पडलेले चिंचोके तुमचे राहत नाहीत. आता किती घालायचे आणि काय मिळू शकेल, एवढेच पाहायचे.”

एवढे बोलून त्याने आपल्या गावची एक हकिकत सांगितली. तेथील अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली या खेळाचा दोघांपुरता प्रकार संगणकाकडून जवळजवळ पूर्ण सोडवून घेतला. तो संगणक स्वतःशीच अगणित डाव खेळला, आणि प्रत्येक ठिकाणी दुसरी चाल केली असती तर किती बरे झाले असते, याची नोंद ठेवीत शिकला. त्या नोंदीस त्यांच्या शास्त्रात ‘पश्चात्ताप’ असेच नाव आहे. तो कमी कमी करीत जाणे, हीच त्याची विद्या.

मंडळी दूध पिऊन पांगली. आम्ही मात्र गच्चीवरच राहिलो. वर्ध्याजवळच्या आमच्या गावी वाड्याच्या वाटणीवरून थोरल्या बंधूंशी चाललेल्या दाव्यास अकरा वर्षे झाली होती. दर तारखेस आम्ही गोंदियामार्गे रात्रीची गाडी पकडीत होतो, वकिलाची फी भरीत होतो, आणि मनाशी म्हणत होतो, इतके घातले, आता सोडायचे कसे? वाड्याचा जो भाग मिळायचा, त्याची किंमत या खर्चाने केव्हाच ओलांडली होती. जिथे पाने ठेवायची तिथे आम्ही भरीत आलो होतो.

आणि जिथे भरायचे तिथे? अकरा वर्षांत दादाला आम्ही एकदाही दूरध्वनी केला नव्हता. तो बोलणार नाही, ही आमची अटकळ; अगदी काकांच्या बदामांसारखी पक्की. वस्तुतः घालायचे काय होते? थोडासा मानीपणा. आणि थाळीत काय होते? एका पांघरुणात काढलेल्या रात्री, आमच्या शिक्षणासाठी त्याने सोडलेले त्याचे शिक्षण, आईचे शेवटचे दिवस. हे मात्र घातले म्हणून परके झालेले नव्हते. ते अजून तिथेच होते, दोघांपैकी कोणी पुढे होईल याची वाट पाहत.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. दादा कोजागिरीस जागा असतो, हे आम्हांस ठाऊक होते. घंटा बराच वेळ वाजली. आम्ही आमचे नाव सांगितले. पलीकडे इतकी शांतता पसरली, की अकरांतले दहा प्रसंग आम्ही मनात मोजून टाकले.

मग दादा म्हणाला, “दूध आटवलं का रे नीट? तुझं नेहमी खाली लागतं.”