डेन्मार्कची शंभरची नोट

नोट म्हटलं की त्यावर कुणाचा तरी चेहरा हवा, असं आपल्याला वाटतं. डेन्मार्कच्या नोटांवर मात्र माणूस नाही. २००९ पासून आलेल्या मालिकेत प्रत्येक नोटेवर पुढे एक पूल आणि मागे त्या परिसरात सापडलेली प्राचीन वस्तू आहे. माझ्याकडे १०० क्रोनरची आहे, नारिंगी रंगाची. पुढे लिटल बेल्टचा जुना पूल, १९३५ मध्ये खुला झालेला. जटलंड द्वीपकल्प आणि फ्यून बेट तो जोडतो. मागे दगडी खंजीर. लांबी जवळपास ३० सेंटिमीटर आणि जाडी एक सेंटिमीटरसुद्धा नाही! गारगोटीचे कपचे काढत काढत कुणीतरी साडेतीन हजार वर्षांहून आधी तो घडवला. सापडला १८७६ मध्ये, त्याच सामुद्रधुनीतल्या फेनो बेटावर.

युरोच्या नोटांवरही पूल आहेत, पण ते काल्पनिक. हा पूल नकाशावर बोट ठेवून दाखवता येतो, म्हणून शिकवायला मला हीच नोट आवडते.

सातवीच्या वर्गात ती हातोहात फिरवली. उजेडाकडे धरली की जलचिन्हात व्हायकिंगांचं जहाज दिसतं. तिरकी केली की धाग्यातल्या लाटा हलतात, होलोग्रामचे रंग बदलतात. झेरॉक्समध्ये हे येत नाही, कारण यंत्र एकाच कोनातून बघतं. आपली शंभरची नोट शेजारी धरली, तेव्हा तिचा हिरवा धागा निळा होतो हे निम्म्या वर्गाने पहिल्यांदाच पाहिलं. (घरी करून बघा, मोठ्यांनाही माहीत नसतं.)

मग १००० क्रोनरच्या नोटेचा फोटो दाखवला. मालिका तीच, मागे ट्रुंडहोमचा सूर्यरथ. धागा, होलोग्राम सगळं शाबूत. पण तिथल्या मध्यवर्ती बँकेने ती रद्द केली आणि ३१ मे २०२५ नंतर ती चालत नाही. "मग बाई, ती खोटी झाली का?" एकाने विचारलं. खोटी नोट वेगळी आणि रद्द झालेली वेगळी, हे बोलण्यात उरलेला तास गेला. एका मुलीच्या आजीने डब्यात जुनी पाचशेची नोट जपून ठेवलीय, त्यामुळे २०१६ ची नोटबंदीही निघाली. पुढच्या वर्षी या पाठाची सुरुवातच हजारच्या नोटेपासून करणार आहे.